राही सुईणीचं मडकं

देवखिंडीच्या राजाने ठरवलं, रयतेला औषधपाणी फुकट द्यायचं. दिवाण त्र्यंबकरावांनी महिन्याभरात गावोगाव दवाखान्यांच्या पाट्या ठोकल्या आणि भर दरबारात छाती काढून सांगितलं, "महाराज, तयारी चोख आहे. उद्यापासून गावठी औषध देणाऱ्यांवर बंदी घाला."

तेव्हा राही सुईण पुढे आली. बाळंतपणं करणारी, विंचू उतरवणारी ही म्हातारी पंचक्रोशीत सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या हातात फडक्याने तोंड बांधलेलं मडकं होतं.

"दिवाणसाहेब, यात विंचू आहे असं समजा आणि हात घाला," ती म्हणाली. "वाड्यासमोरच तुमचा दवाखाना आहे. तिथे तुम्हाला उतार पडला, की माझी मुळ्यांची पिशवी मी विहिरीत टाकते."

दिवाण दोन पावलं मागे सरकले. "अगं, तिथे वैद्य अजून नेमायचाय. औषधांच्या पेटीला कुलूप आहे, आणि माझ्या शिक्क्याशिवाय किल्ली कुणाला मिळत नाही."

"मग मारा शिक्का."

"आधी रीतसर अर्ज यायला हवा. त्यानंतर आठ दिवस लागतात."

"हे विंचवाला कुणी कळवलंय का?" राहीने विचारलं.

राहीने फडकं सोडून मडकं उपडं केलं. आतून काहीच पडलं नाही.

"भिऊ नका साहेब," ती म्हणाली. "तुमच्या दवाखान्याइतकंच भरलेलं आहे."

राजाने त्याच दिवशी बंदी घातली, पण ती पेटीच्या कुलपावर.