हौद्यातली जागा

काजू कारखान्याचे मालक भाईसाहेब सरनोबत यांची पिकअप गॅरेजात शिरली, की लवू मेस्त्री हातातलं काम टाकून उभे राहायचे. गॅरेजची जागाही भाईसाहेबांचीच होती.

"वळणावर गाडी डुलते. मागच्या स्प्रिंगला अजून तीन पाटे घाल. गोण्याही जास्त बसतील."

मेस्त्रींनी वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं. पाटे इतके ताठ झाले, तर गोण्या उतरवून घाट उतरताना हलकी गाडी मागून उडणार आणि दरीकडे सरकणार. परतीच्या त्या फेरीत मागच्या उघड्या हौद्यात कारखान्यातल्या कामगार बायका बसत. त्यांत मेस्त्रींची सून होती.

"भाईसाहेब, पाटे आहेत तेवढेच बरे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलू या, डुलणं थांबेल."

"मला शिकवतोस? पाटे बसले नाहीत, तर उद्या इथे गॅरेज दिसणार नाही!"

मेस्त्रींनी पाटे बसवले आणि रिकाम्या हौद्यात गोणपाट अंथरलं.

"हे कशाला?"

"तुमच्यासाठी." मेस्त्रींनी हौद्याची मागची फळी खाली पाडली. "पाटे किती, हे जो ठरवतो, त्यानं चाचणीला हौद्यात बसून घाट उतरायचा, ही इथली रीत. वीस वर्षं मीच बसतोय. आज ठरवलंत तुम्ही."

भाईसाहेबांसोबत आलेली माणसं बघत होती. भाईसाहेब ऐटीत चढले. मेस्त्रींनी गाडी काढली. पहिल्याच गतिरोधकावर भाईसाहेब वीतभर उडाले. समोर घाटाचं वळण दिसताच ते केबिनवर दोन्ही हातांनी थापा मारू लागले.

गाडी थांबली. खाली उतरून त्यांनी घाम पुसला.

"मेस्त्री, तुम्ही ते शॉकचं काय म्हणत होता?"