डांगे सरांना अडलेला शब्द

चूक सगळी डांगे सरांची. निवृत्त हेडमास्तर! इंग्रजीच्या शिकवणीत रोज पाच अवजड शब्द घोकून घ्यायचे आणि कुणी काही विचारलं की खेकसायचे. काही वडीलधाऱ्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' निघतच नाही, आणि हा रोग वयाबरोबर वाढतो.

भागीरथीने एवढंच विचारलं, "सर, हा शब्द वापरायचा कुठे?" सरांनी तिचं नावच कापलं.

तिचा भाऊ रेवण अकरावीत शाळा सोडून गुरांच्या दवाखान्यात कामाला लागला होता. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन तडक वर्गात शिरला.

"सर, हिला परत घ्या."

"शाळेतून पळालेला तू मला सांगणार? मला अडेल असा एक इंग्रजी शब्द सांग, घेतो हिला. नाहीतर दोघंही चालते व्हा."

"बोव्हिलॅरिन," रेवण म्हणाला.

सरांनी डोळे मिटले. "जुना लॅटिन शब्द. अर्थ, हृदय भरून येणे. लिहून घ्या रे! माझ्या लग्नात मी स्वतः वापरलाय. पाहुणे रडले होते."

चाळीस मुलांनी तो वहीत उतरवला.

रेवणने खिशातली बाटली टेबलावर ठेवली. तिच्यावर तेच नाव होतं, आणि खाली म्हशीचं चित्र.

"जनावरांच्या जंतांचं औषध आहे हे, सर. पाहुणे रडणारच. पण लग्नात पाजलंत कुणाला? नवरीला, की सगळ्या वऱ्हाडाला?"

वर्ग हसून लोळला. भागीरथीचं नाव पुन्हा चढलं. मात्र चाळीसपैकी एकतीस मुलं दुसऱ्या दिवसापासून सरांकडे आली नाहीत.