परवाचं पाणी

“उस्ताद, पाणी पास झालंय. मग ही पोरं वाळूवर का पोहतायत?”

सबनीस चौपाटीवर कमरेवर हात ठेवून उभा होता. समुद्राचं पाणी तपासणं ही त्याची नोकरी. लहानपणी पोहायला त्याला कासम उस्तादांनीच शिकवलं होतं, ह्याच पाण्यात.

समोर कोरड्या वाळूत पाच-सहा पोरं पालथी पडून हातपाय मारत होती. एकाच्या नाकात वाळू गेली. तो शिंकला.

“नाकात पाणी गेलं,” उस्ताद म्हणाले. “होईल सवय.”

“लोक हसतात, उस्ताद.”

“हसू दे. हसून कुणाला जुलाब होत नाहीत.”

सबनीसनं झेंड्याकडे बोट दाखवलं. “हिरवा आहे. मी लावलाय. उतरवा पोरांना पाण्यात.”

“पाणी कधीचं तपासलंस?”

“परवाचं. बाटली लॅबमध्ये जाते, जंतू वाढायला वेळ द्यावा लागतो. मग रिपोर्ट, मग झेंडा.”

“म्हणजे परवाचं पाणी चांगलं होतं.”

“एक नंबर.”

“आता कुठाय ते?”

सबनीस समुद्राकडे बघत राहिला. हरवलेली चप्पल शोधावी तसा.

“...नियमच तसा आहे, उस्ताद.”

“माहितीय. आमची नीलोफर हिरवा झेंडा बघूनच उतरली होती.”

नीलोफर उस्तादांची नात. सबनीसनं तिला इथंच मासोळीसारखी पोहताना पाहिलं होतं. मागच्या उन्हाळ्यापासून ती दिसली नव्हती. गावी गेली असेल, असं त्याला वाटलं होतं.

“घरी आली, उलट्या, जुलाब... दवाखान्यात नेईपर्यंत डोळे आत गेले. कब्रस्तानातून परत येताना बघितलं, तू ती उतरली त्या दिवसाच्या पाण्याचा झेंडा चढवत होतास. लाल.”

“उस्ताद...”

“रंग बरोबर होता.”



“मला कुणी सांगितलं नाही.”

उस्ताद एका पोराचा वाकडा गुडघा सरळ करत होते.

“झेंडा उतरवू?”

उस्ताद पुढच्या पोराकडे वळले. वाऱ्यानं झेंडा फडफडत होता, हिरवागार.

सबनीसनं बूट काढले. पोरांच्या ओळीत शेवटी जाऊन, इस्त्रीच्या शर्टासकट पालथा पडला. तोंड वाळूत. खांदे हलायला लागले.

“काका, हात पण मारा ना,” शेजारची पोरगी म्हणाली.

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. लहानपणी धरायचे तशी त्याच्या हनुवटीखाली त्यांनी ओंजळ धरली.

“मान वर,” ते म्हणाले. “...श्वास घे.”