कासारीण आणि मदतीला धावणारं मंडळ

गोष्ट जुनी म्हणावी तर त्या गावात संगणक होते, आणि आजची म्हणावी तर तिथे अजून दवंडी पिटत. त्या गावात एक कासारीण आपल्या म्हाताऱ्या वडिलांसोबत राहत होती. वडिलांना गोष्टींचा फार नाद. पण त्यांची नजर गेली आणि वाचन सुटलं. कासारीण दिवसभर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची, आणि ती परत येईपर्यंत वडील नुसते बसून असायचे.

एकदा दवंडी झाली की गावात 'खुलं मंडळ' निघालं आहे. हे मंडळ संगणकाचे प्रोग्रॅम तयार करायचं आणि कुणालाही फुकट द्यायचं. नुसतं द्यायचं नाही, तर उघडून आत काय आहे ते बघा, हवं तर बदला, असंही सांगायचं. त्यांचा एक प्रोग्रॅम मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. हे ऐकताच कासारणीने कुठूनसा एक जुना संगणक मिळवला आणि रविवारी तो घेऊन मंडळात गेली.

आपल्याला हसतील, अशी तिला भीती होती. पण तिथे सगळे उठून उभे राहिले. कुणी पाणी दिलं, कुणी खुर्ची पुसून दिली. हा वाचणारा आवाज कसा आणायचा, असं तिने विचारलं. मंडळाचे प्रमुख एक मास्तर होते. ते म्हणाले, "सोपं आहे. जरा सरका, ताई."

ती सरकली. मास्तरांची बोटं चालू लागली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावली, आणि तिने पदर सावरेपर्यंत संगणक बोलूही लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, पण कोणासाठी ते तिला कळलं नाही.

वडील खूश झाले. मग एके दिवशी संगणकाने आपणहून आपल्यात काहीतरी बदल करून घेतला आणि आवाज गेला. कासारीण पुन्हा मंडळात. या वेळी एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "जरा सरका, मावशी." आवाज आला. काय केलंस गं, असं तिने विचारलं, तर मुलगी म्हणाली, काही नाही, छोटीशी गोष्ट होती.

कासारीण वाटभर विचार करत राहिली. छोटी होती तर सांगितली का नाही? आणि सांगण्यासारखी नव्हती तर ती छोटी कशी? त्यानंतर एकदा तिने स्वतःच बटणांवर बोट ठेवून पाहिलं, तर खाटेवरून मांजर उचलावं तसा मंडळातल्या एकाने तिचा हात अलगद बाजूला ठेवला. वर तिनेच त्याचे आभार मानले. इतक्या भल्या माणसांवर रागावणार कसं? आपलंच डोकं चालत नसेल, असं तिने ठरवून टाकलं.

गंमत म्हणजे मंडळही गोंधळात होतं. माणसं येतात, कामं होतात, मग कुणी मंडळात टिकत का नाही? पुष्कळ खल करून त्यांनी रविवारच्या चिवड्यात शेंगदाणे वाढवले. तरी कुणी टिकलं नाही.

मग मंडळ एका मोठ्या मेळाव्याला शहरात गेलं, आणि नेमका तेव्हाच आवाज बंद पडला. राजकन्येने तळ्यात उडी मारली होती आणि गोष्ट तिथेच थांबली. कासारीण संगणकासमोर बसायची, पण हात लावायला धजायची नाही. वडील आधी रोज विचारत. मग म्हणाले, "राहू दे, बाय. मी आपला गप्प बसतो." ते तिला फार लागलं.

मंडळ परतल्यावर ती पहिल्याच रविवारी गेली. मास्तर म्हणाले, "जरा सरका."

ती सरकली नाही.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "दर वेळी तुम्ही मला उचलून घरी पोचवता. रस्ता मला अजून माहीत नाही. आज मला चालू द्या."

मास्तरांना खरंच कळेना. "पण मी केलं की लवकर होतं. त्याला मदतच म्हणतात ना?"

"होतं लवकर. पण तुम्ही गावाला गेलात की माझे आबा गप्प बसतात."

मास्तरांनी शेजारी खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

ती एकेक अक्षर शोधू लागली. मंडळी चुळबुळ करू लागली. चष्मेवाली मुलगी अर्धी उठली आणि मास्तरांची नजर पाहून परत बसली. हे काय, ते कशासाठी, असं कासारीण विचारायची, आणि मास्तर अडखळायचे. हे सगळं त्यांना येत होतं, पण आजवर ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं. एकदा पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि तिने हात मागे घेतला.

"मोडलं का?"

"मोडू दे," मास्तर म्हणाले. "पुन्हा जोडता येतं. म्हणून तर ते उघडं ठेवलंय."

दिवस कलताना आवाज आला, पण किरटा आणि भरधाव. मास्तरांचा एक हात मांडीखालून निम्मा बाहेर आला आणि तसाच परत गेला.

घरी वडिलांनी ऐकलं. "हा असा का बोलतोय गं? पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा?"

"मी आणलाय, आबा."

वडील हसले. राजकन्या तळ्यातून वर आली एवढं तरी कळलं, म्हणाले, आणि कान देऊन बसले. थोड्याच दिवसांत, चुकतमाकत, कासारणीने तो आवाज घरीच सावकाश केला.

पुढच्या रविवारी ती मंडळात गेली, तेव्हा चष्मेवालीने विचारलं, "आज काय बिघडलं, मावशी?"

"काही नाही."

"मग?"

कासारीण खुर्चीत बसली. "पुढचं शिकायला आले."

मंडळात असं पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं. चष्मेवालीने आपली खुर्ची तिच्याशेजारी ओढली.

तात्पर्य एवढंच, की नव्या माणसाचं काम आपण करून टाकलं तर फक्त काम होतं. हात आवरून त्याच्याशेजारी बसलो, तर तो माणूस आपला होतो.