फिलसूचं नाव आणि दुसरं नाव

वसईकडच्या आमच्या गावात सहा महिने नळ कोरडे होते. मिस्सा झाल्यावर त्याचसाठी चर्चच्या आवारात सभा भरली. पण सरपंच कैतानशेठ, ज्यांचं पोट आधी पोचतं आणि विचार मागाहून, उठून म्हणाले, "पाणी नंतर! आधी गावाची अब्रू. विधवा फिलसूला दिवस गेलेत. फादर, रविवारी वेदीवरून तिचं नाव वाचा. बाजारातली तिची जागा मी काढून घेतो."

पुरुषांनी माना डोलावल्या. त्या जागेवर भाजी विकूनच फिलसूचं पोट चालायचं.

म्हातारी आग्नेसबाय उठली. "वाचा की फादर. पण लग्न ठरलं की आपण तीन रविवार दोघांची नावं वाचतो. एकटीचं कधी वाचलंय? देवाच्या न्यायात अर्धी यादी चालत नाही. फिलसू, दुसरं नाव सांग गं, फादर लिहून घेतील."

फिलसूने मान वर करून पुरुषांकडे पाहिलं.

कैतानशेठ खोकले. "मी काय म्हणतो, आधी पाण्याचंच घेऊ!"

ठराव एकमताने पास झाला. मी तर दोन्ही हात वर केले. ऐंशी वर्षांचा असलो म्हणून काय झालं, तिची नजर माझ्यावरूनही फिरली होती!