शिरपाचं बिनदुधाचं पांढरं चॉकलेट

माणगंगेच्या काठावर एका गावात शिरपा नावाचा एक भोळा म्हशीवाला राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा डॉक्टरांनी त्याला गोळी दिली आणि सांगितलं, जेवणानंतर घ्या. त्या दिवशी शिरपाचा उपास होता. पण गोळी तर घ्यायलाच हवी. मग गडी शेजारच्या गावात गेला, एका लग्नात पोटभर जेवला, गोळी घेतली आणि घरी येऊन परत उपासाला बसला. वर म्हणतो कसा, "उपास माझा. जेवलो ते गोळीसाठी."

अशा या शिरपाच्या दावणीला चार म्हशी होत्या आणि पदरी एकच लेक, जुई. आता नशीब बघा. बाप अख्ख्या गावाला दूध घालायचा आणि लेकीला दूध चालायचं नाही. चालायचं नाही म्हणजे नुसतं पोट दुखायचं असं नव्हे. चुकून थेंब पोटात गेला की अंगावर गांध्या उठायच्या, ओठ सुजायचे, श्वास अडकायचा.

शाळेत कुणाचा वाढदिवस असला की पांढरं चॉकलेट वाटायचे. जुई आपलं चॉकलेट शेजारच्या मुलीला द्यायची आणि नुसता कागद घरी आणायची. तिची आई, हौसा, तो कागद धुऊन द्यायची. पोर तो वहीत ठेवायची. असे सव्वीस कागद झाले होते. रविवारी जुईला आठवं वर्ष लागणार होतं. ती बापाला म्हणाली, "पप्पा, मला एकदाच पांढरं चॉकलेट खायचंय. एकच."

शिरपाचा जीव गलबलला. तो म्हणाला, "एक कशाला? ताटभर करतो. माझ्या हातानं करतो!"

झालं. इथूनच सगळं रामायण सुरू झालं.

हौसाच्या भावानं पुण्याहून कोको बटरच्या तीन वड्या पाठवल्या. कोकोच्या बियांतून निघतं ते. नावात बटर असलं तरी त्यात म्हैस कुठेच नाही. एवढं शिरपाच्या डोक्यात उतरवायला हौसाची अख्खी सकाळ गेली. वड्या तीनच होत्या. रविवारच्या आत चौथी मिळायची सोय नव्हती.

हौसा अंगणवाडीत शिकवायची. गुरुवारी निघताना तिनं नवऱ्याला नीट समजावलं, "खालच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवा. त्यावर दुसरं भांडं ठेवा. त्यात वडी वितळवा. पिठीसाखर आणि काजूची पूड घाला, हलवा आणि साच्यांत ओता. आणि हो, आधी स्वच्छ धुऊन घ्या."

काय धुवायचं ते बाई सांगायला विसरली. तिला वाटलं, हात धुवायला कुणाला सांगावं लागतं का?

शिरपानं हात धुतले. मग पळी धुतली. भांडं धुतलं. साचे धुतले. वडी धुतली, तीही दोनदा. मग म्हणाला, काजूच्या पुडीनंच काय घोडं मारलंय? तीही चाळणीत धरून धुतली. सगळं निथळत होतं तसंच भांड्यात गेलं. दुपारी हौसा येऊन बघते, तर भांड्यात रवाळ, चिकट गोळा. त्यात पळी उभी राहिलेली.

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, याला पाणी चालत नाही! एक थेंब पडला तरी सगळं नासतं. काय असेल ते कोरडं ठणठणीत पाहिजे!"

"एवढंच ना?" शिरपा म्हणाला. "उद्या बघ."

शुक्रवारी शिरपानं सगळं तीन-तीनदा पुसलं. मग त्याची नजर खालच्या पातेल्यावर गेली. त्यात पाणी! थेंब चालत नाही आणि इथं तांब्याभर? त्यानं ते पाणी परसात ओतलं, पातेलं पुसलं, मोठ्या आचेवर कोरडंच ठेवलं आणि वर वडीचं भांडं ठेवलं.

नेमक्या त्याच वेळी दारात त्याची सासू आली. नातीच्या वाढदिवसाला म्हणून म्हातारी एसटीतून उतरून भर उन्हात चालत आली होती. घशाला कोरड पडली होती.

"जावईबापू, आधी घोटभर पाणी द्या."

"घोटभर? थेंबभरही नाही, मामी."

"का ओ?"

"हौसानं बजावलंय. एक थेंब पडला तरी सगळं नासतं."

"अहो, मी पिणार आहे!"

"तुम्ही पिणार, मग तुमच्या मिशीवरनं सांडणार."

खरं सांगायचं तर म्हातारीला चार केस होते ओठावर. पण ते जावयानं बोलून दाखवायचं असतं का? म्हातारी तापली. तापली म्हणजे घाम फुटला. घाम बघून शिरपा घाबरला. त्यानं टॉवेल आणून सासूच्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी कोरड्या व्हा, मग आत या." उंबऱ्यावर दोघांची अशी जुंपली की आतला धूर बाहेर आला तेव्हाच कळलं. पांढरं चॉकलेट काळं कुळकुळीत झालं होतं. वडी गेली ती गेली, भांड्याचं बूडही गेलं.

आता एकच वडी उरली.  जुई नुसती डब्यापाशी गेली, उरलेली वडी बघून आली आणि कोपऱ्यात बसली. ते बघून म्हातारीचा राग निवळला. ती जावयाला समजुतीनं म्हणाली, "बापू, गॅसवर काही ठेवलं की भांड्यावरनं नजर हलवायची नाही. दारात राजा येवो नाहीतर चोर येवो. बघत राहायचं आणि हलवत राहायचं."

"एवढंच ना?" शिरपा म्हणाला. "उद्या बघा."

शनिवारी हौसानं खालच्या पातेल्यात स्वतः पाणी भरलं, आच स्वतः बारीक केली आणि मगच ती अंगणवाडीत गेली. म्हातारी जुईला घेऊन देवळात गेली. शिरपा भांड्यापुढे उभा राहिला. वडी वितळली. शिरपा हलवत राहिला. दहा वाजले, अकरा वाजले. शेजारीण दारातून ओरडली, "शिरपाभाऊ, तुमची चंद्री सुटली!" शिरपानं मान वळवली नाही. चंद्री म्हैस दारापर्यंत आली. वाढदिवसासाठी बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तिनं सावकाश खाल्लं आणि ती निघून गेली. शिरपानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. बारा वाजले. गॅस संपला. शिरपा हलवतच होता.

दोन वाजता हौसा आली. भांड्यात नुसतं पिवळसर बटर, अर्धं थिजलेलं.

"साखर कुठंय?"

"मागच्या फळीवर."

"मग घातली का नाही?"

"फळीकडे बघायचं तर भांड्यावरनं नजर हलते," शिरपा म्हणाला. अजूनही तो भांड्याकडेच बघत होता.

हौसा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. का नाही हसणार? वडी वाया गेली नव्हती! तिनं नवा सिलिंडर जोडला, बटर पुन्हा वितळवलं, पिठीसाखर चाळून घातली, काजूची पूड घातली, व्हॅनिलाचे दोन थेंब घातले. बघता बघता भांड्यात गुळगुळीत, शुभ्र, चकाकणारं चॉकलेट तयार झालं. तेवढ्यात म्हातारी आणि जुई देवळातून परतल्या. म्हातारीनं बोटावर घेऊन चाखलं आणि डोळेच मिटले. जुईनं हात पुढे केला, पण हौसा म्हणाली, "उद्या, बाळा. थंड होऊ दे, आकार येऊ दे. तुझ्या वाढदिवसाला पहिलं तूच खायचं."

हौसाला टेलरकडून जुईचा फ्रॉक आणायचा होता. ती जाताना नवऱ्याला म्हणाली, "आता फक्त साच्यांत ओता. साचे भरले की थंड करायला ठेवा."

यात काही चुकण्यासारखं होतं का? तुम्हीच सांगा. पण म्हातारीला राहवलं नाही. लेक गेल्यावर ती जावयाला म्हणाली, "बापू, यात दूध नाही याची खात्री करा हो. मागं बिस्किटाच्या पुड्यावर बिनदुधाचं असं छापलं होतं. आपण विश्वास ठेवला आणि पोर दोन दिवस दवाखान्यात पडली. छापलेल्यावर जाऊ नये, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. आपण स्वतः पारखून बघावं."

शिरपानं छातीवर हात ठेवला. "एवढंच ना, मामी? उद्या बघा."

रविवार उजाडला. जुईनं नवा फ्रॉक घातला. आळीतली दहा-बारा पोरं जमली. हौसानं लेकीला ओवाळलं. शिरपानं आतून ताट आणलं आणि पोरं पुढे सरकली. ताटात पानाच्या आकाराची चोवीस चॉकलेटं होती, पांढरीशुभ्र, एकासारखं एक. हौसाला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जुईनं एक उचललं.  तिनं ते ओठांपाशी नेलं.

"थांब, बेटा!" शिरपा म्हणाला. "आधी सगळ्यांना ऐकू दे. यात दुधाचा थेंबही नाही. कुणाच्या सांगण्यावर नाही, मी स्वतः पारखलंय."

"शाबास, बापू!" म्हातारी म्हणाली. "कसं पारखलंत?"

"अहो, जन्म गेला माझा दुधात. दूध कुठं लपलेलं असो, विरजण त्याला शोधून काढतंच. साच्यांना आतून बोटानं विरजण चोळलं, वर चॉकलेट ओतलं आणि सकाळपर्यंत ठेवलं. दूध असतं तर दही लागलं असतं. कुठंच लागलं नाही!"

हौसानं अशी झेप घेतली की समई आडवी झाली. तिनं जुईच्या हातातलं चॉकलेट हिसकावलं, पोरीचे ओठ पदरानं पुसले, तोंड उघडून बघितलं. लागलं नव्हतं. थोडक्यात वाचली पोर.

"विरजण कशाचं घेतलंत?" हौसानं विचारलं.

"आपल्या चंद्रीच्या दुधाचं. बाहेरच्या दह्यावर मी विश्वास ठेवीन होय?"

 जुईनं आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. "पप्पा, म्हणजे मला नाहीच?"

पोरीनं असं विचारलं की दगडालाही रडू यावं. शिरपा गोंधळून सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. एवढी खात्री करूनही आपलं काय चुकलं, हे बिचाऱ्याला कळेना.

हौसाला अचानक काही तरी सुचलं. "अहो, सगळं साच्यांत मावलं का? भांड्यात काही उरलंय?"

"उरलंय की. चांगलं वाटीभर उरलंय."

"त्याला साचा लागला नाही ना?"

"छे! ते भांड्यातच आहे, झाकून ठेवलंय."

"देवा रे, वाचवलंस!" म्हातारीनं तिथूनच हात जोडले. हौसानं डोळे पुसले, जुईला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि ती स्वयंपाकघरात धावली. मागून म्हातारी, मागून सगळी पोरं. जुई चमचा हातात घेऊनच ओट्यावर बसली. शिरपा पुढे झाला. भांड्यावरचं झाकण त्यानं मोठ्या दिमाखात उचललं.

"मी म्हटलं, सकाळी साच्यांत दही दिसलं नाही, पण विरजणच मेलेलं असलं तर? मग आपली केवढी फसगत! म्हणून रात्रीच या उरलेल्यात शेरभर दूध घातलं आणि तेच विरजण लावून बघितलं." त्यानं भांडं तिरकं करून सगळ्यांना दाखवलं. आतलं जागचं हललं नाही. "आता शंकाच नको, हौसा. विरजण एकदम खरं निघालं. काय घट्ट दही लागलंय, बघ!"