दोनशे जीबी कुणी खाल्ले?

"चोरी! माझ्याच राजवाड्यात चोरी!" राजा चंडसेन असा काही गरजला, की त्याच्या अंगरख्याचा एक बंद ताडकन तुटला.

अंगरख्याचं माप बघायला आलेली बायजा शिंपीण तिथेच बसली होती. तिने निमूटपणे सुईत दोरा ओवला. पण नजर सुईवर नव्हती. असेल कशी! समोर मुसक्या बांधून उभा केलेला चोर म्हणजे तिचाच नवरा, रखमाजी!

झालं होतं असं. राजवाड्यात एक थोरला संगणक होता आणि त्याच्या पोटात आणखी एक संगणक वसवलेला होता. या पोटातल्याची पेटी दिसायची नाही, हाताला लागायची नाही, पण काम मात्र खऱ्यासारखं करायचा. लोक त्याला आभासी संगणक म्हणत. राज्यातली तळी, झाडं, वाटा, महाराजांच्या हत्तीच्या आंघोळीची चित्रफीत, सगळं त्यात. रखमाजी त्याचा रखवालदार. एक दिवस या संगणकाची डिस्क भरली. शंभर जीबीची ती, तिच्यात मुंगी शिरायलाही जागा उरली नाही. तेव्हा राजाच्या हुकमावरून थोरल्या संगणकाचे कारभारी त्र्यंबकशास्त्री यांनी त्यातून तिला आणखी दोनशे जीबी दिले. तरी आतला आपला एकच धोशा लावून बसला: शंभरच आहेत, जागा नाही!

"दिले दोनशे, दिसतंय शून्य!" शास्त्रीबुवा म्हणाले. "किल्ली रखमाजीकडे. मधल्यामधे यानेच लांबवले!"

"अहो, लांबवून ठेवू कुठे? धोतराच्या सोग्यात?" रखमाजी रडकुंडीला आला.

"गप!" राजा म्हणाला. "दिवस मावळायच्या आत माझे दोनशे जीबी हजर कर. एक अक्षर पुसायचं नाही, नवी पेटी आणायची नाही. नाही जमलं, तर गडावरची अंधारकोठडी!"

बायजाने बंद टाचून दोरा दातांनी तोडला. "महाराज, जरा सबुरीनं. दुसराही बंद जाईल. अंगरखा घट्ट होतोय ना?"

"घट्ट? फास बसलाय फास! आणि तूच म्हणाली होतीस, आत भरपूर कापड ठेवलंय म्हणून!"

"ठेवलंय की! दोन्ही अंगांना चांगली चार-चार बोटं माया सोडलीय, शिवणीच्या आत दुमडून."

"मग मला श्वास का घेता येत नाही?"

"शिवण जुन्याच जागी आहे, महाराज. ती सरकवल्याशिवाय आतलं कापड अंगाला यायचं कसं..." बोलता बोलता बायजा थबकली. मग पदर सावरून सावकाश उठली.

"शास्त्रीबुवा, जागा दिलीत ती कशी दिलीत?"

"कशी म्हणजे? थोरल्याला हुकूम सोडला, याची डिस्क वाढव. वाढली!"

"आणि आतल्याला कुणी सांगितलं?"

"आतल्याला काय सांगायचं? तुला नाही कळायचं ते. संगणक शिवायचा नसतो, बाई!"

"शिवायचा नसेल, उसवायचा असेल! आतला नकाशा तरी दाखवा."

शास्त्र्यांनी नाक मुरडत डिस्कचा नकाशा पडद्यावर आणला. एक लांब पट्टी. आधी मोठा निळा तुकडा, काठोकाठ भरलेला. त्याला खेटून एक चिमुकला तुकडा. आणि त्यापलीकडे काळाकुट्ट, रिकामा पट्टा.

"हा काळा केवढा हो?"

शास्त्र्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "दो... दोनशे."

"मग सरकवा की निळ्याची शिवण!" राजा ओरडला.

शास्त्र्यांनी खटाखट बटणं दाबली. "महाराज, सरकत नाही!"

"कशी सरकेल?" बायजा म्हणाली. "मधे हा चिमुकला कोण बसलाय?"

"तो डागडुजीचा कप्पा. संगणक आजारी पडला की त्यातून दुरुस्त होतो."

"म्हणजे खिसा! शिवणीच्या वाटेत खिसा आला तर तो आधी उचलून पार काठाला लावायचा, मग शिवण न्यायची. पण थांबा! उसवण्याआधी सगळ्याची एक नक्कल थोरल्यात काढून ठेवा. घाई केली की कापड फाटतं."

नक्कल निघाली. खिसा काठाला गेला. निळा तुकडा हळूहळू पुढे सरकला आणि पडद्यावर आकडा उमटला: तीनशे! अक्षर पुसलं नाही, पेटी आणली नाही, आणि दिवस अजून हातभर वर!

पण राजा हट्टी. "जागा सापडली, पण चोराचं काय? चोराला मी सोडत नाही! आमचा कायदा साधा, माल ज्याच्या घरात सापडला तो चोर. टाका त्याला कोठडीत!"

शिपाई रखमाजीकडे धावले. बायजा आडवी आली.

"थांबा रे, भलत्यालाच कुठे धरताय? महाराज, माल सापडला कशात?"

"संगणकात."

"संगणक कुणाचा?"

"माझा!"

"आणि ठेवलाय कुठे?"

"माझ्या राजवा..." राजाने जीभ चावली.

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. मग सगळे हळूच महाराजांकडे वळले!

"मी बापडी शिंपीण," बायजा हात जोडून म्हणाली, "कायद्यातलं मला काय कळतंय! महाराजच सांगतील, बेड्या कुणाला घालायच्या ते."

राजाने शिपायांकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं. आणि मग राजा चंडसेन असा खो खो हसला, की डोळ्यांतून पाणी आलं!

रखमाजीच्या मुसक्या सुटल्या. बायजाला शिवताना बोटात घालायला सोन्याचं अंगुस्तान आणि वाड्यापुढे दुकानाला जागा मिळाली. शास्त्रीबुवांना हुकूम झाला, महिनाभर त्या दुकानात बसून शिवण शिका. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते सुईत दोराच ओवत होते!